मानसशास्त्राला गणित लागतं, पण ते प्रवेशाच्या दारात अडवायला नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘मुलीला मानसशास्त्र शिकायचं आहे, मग विद्यापीठ तिच्याकडे गणित का मागतं?’ असं विचारणारं एका आईचं पत्र आपल्या अंकात वाचलं. ‘माणसाचं मन समजून घ्यायला आकडे कशाला हवेत’ या त्यांच्या वाक्यापाशी मी थांबले. सत्तावीस वर्षांपूर्वी जवळजवळ याच शब्दांत मी माझ्या वडिलांशी वाद घातला होता. गणितातून सुटका व्हावी म्हणूनच मी मानसशास्त्र घेतलं होतं. आज मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेणं आणि त्यांचे निष्कर्ष पालकांना समजावून सांगणं हे माझं काम आहे. या कामात आकडेमोड केली नाही असा आठवडा मला आठवत नाही. त्या आईंना वाटणारी काळजी खरी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे ‘गणित’ म्हणजे नेमकं किती, ते सांगते. नुसत्या शब्दानेच निम्मी मुलं मागे फिरतात. भूमितीच्या सिद्धता, त्रिकोणमिती, कलन यांची मानसशास्त्राच्या पदवीला जवळजवळ गरज पडत नाही. पुढे कुणाला मेंदूच्या प्रतिमांचं विश्लेषण करायचं असेल किंवा शिकण्याच्या प्रक्रियेची संगणकावर प्रारूपं तयार करायची असतील, तर कलन आणि मॅट्रिक्स शिकावं लागतं. पण ती वाट फार थोडे जण धरतात. बाकीच्यांना टक्केवारी, गुणोत्तर, ऋण संख्या, वर्ग आणि वर्गमूळ, एका अज्ञाताचं समीकरण, आलेख वाचता येणं आणि संभाव्यतेची तोंडओळख एवढं पुरतं. यातलं बहुतेक सगळं शाळेत होऊन गेलेलं असतं. त्यावर पदवीचं संख्याशास्त्र उभं राहतं. मध्यमान म्हणजे सरासरी, प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेले आहेत त्याचं माप, सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी किती जोडीने बदलतात ते, दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना करणारी टी-टेस्ट आणि अधिक गटांची तुलना करणारं, सगळे ज्याला ॲनोव्हा म्हणूनच ओळखतात ते प्रचरण विश्लेषण, हे त्यातले मुख्य विषय. हे मात्र चुकवता येत नाही, कारण ते फक्त एका पेपरापुरतं राहत नाही. प्रयोगाचा अहवाल, चाचण्यांचा पेपर, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, सगळीकडे ते येतं.

माझ्या संख्याशास्त्राच्या पहिल्या चाचणीत मला ५० पैकी ११ गुण मिळाले होते. प्रमाण विचलनाचं सूत्र पाठ होतं, पण ते कशासाठी काढायचं हे ठाऊक नव्हतं. आमच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. पहिल्या वर्गातल्या पाच मुलांचे गुण ५८, ५९, ६०, ६१, ६२. दुसऱ्या वर्गातले २०, ४०, ६०, ८०, १००. दोन्हीची सरासरी ६०. बाईंनी विचारलं, ‘तुम्हाला यातल्या एका वर्गावर शिकवायला जायचं आहे आणि हातात फक्त सरासरी आहे. तुम्हाला काय कळलं?’ मग त्यांनी आम्हाला विचलन काढायला लावलं. पहिल्या वर्गाचं दीडच्या आत आलं आणि दुसऱ्याचं २८च्या पुढे गेलं. ‘वीस गुणांचं एक मूल तिथे बसलेलं आहे आणि सरासरीने ते झाकून टाकलं आहे,’ असं बाई म्हणाल्या. मला सूत्र त्या क्षणी कळलं. मी मानसशास्त्राला आले होते ते त्या वीस गुणांच्या मुलासाठीच, आणि ते मला दाखवून देणारं साधन मी नकोसं म्हणत होते.

एवढं कळूनही पुढे माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगायला मला अजून जड जातं, पण त्या आईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्यातच आहे.

नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. दहा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. अभ्यासात मागे पडलेला, घरात सतत बोलणी खाणारा. मी एक आखूड बुद्धिमापन चाचणी घेतली, बुद्ध्यांक ८८ आला. नऊ महिने दर आठवड्याला तो येत राहिला. आम्ही वाचनावर, लक्ष टिकवण्यावर मेहनत घेतली. मग मी तीच चाचणी पुन्हा घेतली आणि ९४ आला. मी आईवडिलांना बोलावून आनंदाने सांगितलं, ‘सहा गुण वाढले आहेत, उपचार लागू पडतोय.’ आईच्या डोळ्यांत पाणी आलं. वडिलांनी तो आकडा कागदावर लिहून खिशात ठेवला. मुलाला त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं असणार.

आठवड्याने मी हे माझ्या वरिष्ठ सहकाऱ्यांना सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘चाचणीची विश्वसनीयता किती आहे?’ विश्वसनीयता म्हणजे पुन्हा मोजलं तर उत्तर कितपत तसंच येतं; पूर्ण भरवशाची चाचणी असेल तर ती १ असते. चाचणीच्या माहितीपुस्तिकेत ०.९० दिलेली होती. त्यांनी माझ्यासमोर कागद सरकवला. एकातून ०.९० वजा केले की ०.१० उरतात, त्याचं वर्गमूळ साधारण ०.३२, त्याला बुद्ध्यांकाच्या प्रमाण विचलनाने म्हणजे १५ने गुणलं की पावणेपाचच्या आसपास येतं. ही मापनाची प्रमाण त्रुटी. म्हणजे मुलात काहीही बदल झालेला नसताना निव्वळ झोप, मूड, एखादा अंदाजाने बरोबर आलेला प्रश्न यांमुळे गुण इतके खालीवर होतात. आणि मी दोन मोजमापांतला फरक धरत होते. चूक दोन्हीकडे असू शकते, म्हणून फरकाची त्रुटी आणखी मोठी, पावणेसातच्या जवळ. फरक खरा आहे असं ९५ टक्के भरवशाने म्हणायला १३पेक्षा जास्त गुण वाढायला हवे होते. वाढले होते सहा. त्यातही तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली की सरावानेच थोडे गुण वाढतात, हा भाग वेगळाच.

शिवाय आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. मूल आमच्याकडे आणलं जातं ते त्याचं सगळ्यात वाईट चाललेलं असताना. सगळ्यात वाईटानंतर पुढचं मोजमाप बहुतेक वेळा थोडं बरंच येतं, मधे कुणी काही करो वा न करो. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंच्या मोजताना हे ओळखलं आणि त्याला सरासरीकडे परतणं म्हटलं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांनी हवाई दलाच्या प्रशिक्षकांचा अनुभव सांगितला आहे. कौतुक केलं की पुढचं उड्डाण बिघडतं आणि रागावलं की सुधारतं, अशी त्या प्रशिक्षकांची पक्की समजूत झाली होती. घडत होतं ते इतकंच, की फार चांगल्या उड्डाणानंतरचं उड्डाण आणि फार वाईट उड्डाणानंतरचंही, दोन्ही सरासरीच्या जवळ येत होती. माझं त्या प्रशिक्षकांसारखंच झालं होतं, फक्त माझी समजूत गोड होती.

मी त्या आईवडिलांना पुन्हा बोलावलं. वाढलेला आकडा खात्रीचा नाही, हे त्यांना सांगणं मला सोपं गेलं नाही. वडील म्हणाले, ‘मग गेल्या वेळी का सांगितलंत?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. उपचार थांबवला नाही. पुढे आम्ही बुद्ध्यांक बाजूला ठेवून तो मिनिटाला किती शब्द वाचतो याची दर आठवड्याला नोंद ठेवली आणि त्यातून खरा चढ दिसला. पण त्या घरातला माझ्यावरचा विश्वास पहिल्यासारखा झाला नाही. गणित येत नसेल तर मन कळत नाही, असं माझं म्हणणं नाही. गणित येत नसेल तर मनाबद्दल खोटं बोललं जातं, तेही चांगल्या हेतूने आणि प्रेमाने.

दुसरा प्रसंग अलीकडचा. एका शाळेला सगळ्या मुलांची एक प्रश्नावली भरून घ्यायची होती आणि ज्यांचे गुण ठरावीक आकड्याच्या पुढे जातील त्यांच्या घरी चिठ्ठी पाठवायची होती. ‘दहापैकी नऊ मुलं ती बरोबर पकडते,’ असं मला सांगण्यात आलं. मी त्यांच्याबरोबर बसून हिशेब मांडला. समजा १००० मुलं आहेत आणि खरोखर त्रासात असलेली १० आहेत. प्रश्नावली त्यातली ९ पकडेल. पण त्रास नसलेल्या ९९० मुलांपैकी शंभरी नऊंना ती चुकून बोट दाखवत असेल, तर अशी ८९ मुलं निघतात. म्हणजे चिठ्ठ्या ९८ घरी जाणार आणि खरी गरज असलेली मुलं त्यातल्या ९ घरांत. उरलेल्या ८९ घरांत त्या रात्री काय होईल? मुख्याध्यापिका बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या. नंतर चिठ्ठीऐवजी दुसऱ्या टप्प्यात अशा प्रत्येक मुलाशी प्रत्यक्ष बोलायचं ठरलं. गेर्ड गिगेरेन्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं आहे, की अशी माहिती टक्क्यांऐवजी ‘हजारातले किती’ अशी मांडली तर डॉक्टरांनासुद्धा ती जास्त नीट समजते. यात बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार यांपलीकडे काहीच नाही. पण हा हिशेब करायचा असतो, हे कुणीतरी शिकवलेलं असावं लागतं.

गणित हे मानसशास्त्रावर बाहेरून लादलं गेलं आहे, असाही त्या पत्राचा सूर होता. मला तो पटत नाही. १७८६मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कान्टने लिहिलं, की मानसशास्त्र खऱ्या अर्थाने विज्ञान होऊ शकणार नाही, कारण मनातल्या घडामोडींना गणित लावता येत नाही. पुढचं शतक जवळजवळ त्याला उत्तर देण्यातच गेलं. जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबरने वजनं उचलायला देऊन पाहिलं, की १०० ग्रॅमवर जितकी भर घातली म्हणजे फरक जाणवतो, त्याच्या दुप्पट भर २०० ग्रॅमवर लागते. त्याच्याच देशातल्या गुस्टाव फेख्नरला १८५०च्या ऑक्टोबरमध्ये एका सकाळी अंथरुणातच सुचलं, की मग संवेदना आणि ती जागवणारा उद्दीपक यांचं नातं लॉगरिदमचं असलं पाहिजे, म्हणजे उद्दीपक पटीपटीने वाढला तर संवेदना सारख्या पायऱ्यांनी वाढते. दहा वर्षांनी, १८६०मध्ये त्याचा ग्रंथ आला. लाइपझिगला विल्हेल्म वुंटची मानसशास्त्राची प्रयोगशाळा निघाली ती १८७९मध्ये. म्हणजे हा हिशेब प्रयोगशाळेच्याही आधीचा आहे.

मला यात सगळ्यात जवळचा वाटतो तो जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस. त्याने सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट तयार केले, स्वतःच पाठ केले, स्वतःच विसरला आणि पुन्हा पाठ करायला किती वेळ वाचतो ते वर्षानुवर्षं लिहून ठेवलं. वीसेक मिनिटांनी ५८ टक्के वेळ वाचत होता, तासाने ४४, एका दिवसाने ३४ आणि ३१ दिवसांनीही २१. विसरणं आधी झपाट्याने होतं आणि मग त्याचा वेग मंदावतो, ही गोष्ट १८८५मध्ये एका माणसाने एकट्याने, स्वतःच्या स्मरणशक्तीवर मोजून दाखवली. ते आकडे काढून टाकले तर उरतं काय? ‘माणूस विसरतो’ एवढंच, आणि ते सगळ्यांनाच माहीत असतं.

पुढेही तेच. सैन्यातली नोकरी सोडून मानसशास्त्राकडे आलेल्या चार्ल्स स्पिअरमनला प्रश्न पडला, की एका विषयात हुशार असलेली मुलं बहुधा दुसऱ्या विषयांतही पुढे का असतात. त्याच्या १९०४च्या लेखातून घटक विश्लेषणाची, म्हणजे अनेक गुणांमागचं समान कारण आकड्यांतून शोधण्याच्या तंत्राची सुरुवात झाली. आज ते तंत्र इतर अनेक शास्त्रं वापरतात. ते मानसशास्त्राच्या घरी जन्मलं, हे आपल्या विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही.

आणि या घरात गणिताकडे दुर्लक्ष झालं तेव्हा काय घडलं, तेही सांगायला हवं. २०१५मध्ये सुमारे २७० संशोधकांनी मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध झालेले अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांमध्ये निष्कर्ष सार्थक, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता न येणारा होता, पुन्हा केले तेव्हा ३६ टक्क्यांत. यातले बहुतेक लोक लबाड नव्हते. नमुना लहान घेणं आणि आकडे वेगवेगळ्या तऱ्हांनी चाळत राहून जे जुळेल ते छापणं, ही मोठी कारणं होती. ०.०५ ही मर्यादा धरून, म्हणजे निव्वळ योगायोगाने शंभरात पाच वेळा फसणं चालवून घेऊन, मुळात काहीच नसताना, २० स्वतंत्र चाचण्या केल्या तर निदान एकीत तरी ‘शोध’ लागण्याची शक्यता ६४ टक्के असते. हे कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटात काढता येतं: ०.९५ वीस वेळा गुणायचं आणि एकातून वजा करायचं. सॉफ्टवेअर हे सांगत नाही. तुम्ही दाबाल ते बटण ते इमानदारीने चालवतं आणि उत्तर देतं.

आता मी त्या आईंच्या बाजूने बोलते, कारण एका मुद्द्यावर त्या अगदी बरोबर आहेत. प्रवेशाच्या वेळी शाळेतल्या गणिताच्या वरच्या गुणांची अट घालणं मला चुकीचं वाटतं. ती अट भलत्याच गोष्टी तपासते. ठरलेल्या वेळात ठरलेली उदाहरणं सोडवता येणं वेगळं आणि ‘या आकड्यावर किती विसंबावं?’ हे विचारता येणं वेगळं. माझ्या वर्गात गणिताचे उत्तम गुण घेऊन आलेली मुलं होती, त्यातल्या काहींना हा दुसरा प्रश्न कधी पडलाच नाही. आणि गणिताने पोळलेली एक मुलगी पुढे आमच्यात सगळ्यात चोख अहवाल लिहायची, कारण ती प्रत्येक आकड्याला भीत भीत दोनदा तपासायची.

ही भीती तर आमच्याच विषयाच्या अभ्यासाचा भाग आहे. गणिताची धास्ती मोजण्यासाठी १९७२मध्ये ९८ विधानांची एक मापनश्रेणी प्रसिद्ध झाली. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१मध्ये दाखवलं, की धास्ती असलेल्या माणसाची कार्यकारी स्मृती, म्हणजे काम करताना माहिती तात्पुरती धरून ठेवणारी मनातली जागा, आकडेमोड करताना त्या काळजीतच गुंतून पडते आणि हिशेबाला उरते ती कमी. म्हणजे ते मूल मठ्ठ नसतं, त्याच्या डोक्यातली जागा भीतीने अडवलेली असते. हे शोधून काढणारा विषयच जर त्या मुलाला दारातून परत पाठवणार असेल, तर मला ते फार लागतं.

म्हणून माझी मागणी अटीची नाही, खरं सांगण्याची आहे. विद्यापीठांनी माहितीपत्रकात स्पष्ट छापावं, की या पदवीत संख्याशास्त्र सक्तीचं आहे, ते अमुक सत्रांत आहे आणि त्यासाठी शाळेतलं अमुक एवढं गणित लागेल. ‘मनाचे गूढ उलगडा’ अशा जाहिराती पाहून आलेली मुलं दुसऱ्या वर्षी संख्याशास्त्रासमोर एकदम उभी केली जातात, तेव्हा ती फसवली गेलेली असतात. पहिल्या सत्रात गुण न मोजता आठ-दहा आठवडे उजळणीचा वर्ग घ्यावा. सूत्रं पाठ करून घेऊ नयेत, परीक्षेत छापूनच द्यावीत. आणि उदाहरणं गव्हाच्या पिकाची किंवा कारखान्यातल्या खिळ्यांची नकोत. वर्गातल्या मुलांनी एकमेकांचा प्रतिक्रियाकाळ मोजावा, वरून सोडलेली पट्टी किती सेंटिमीटरवर पकडली जाते ते लिहावं आणि स्वतःच्याच आकड्यांचं विचलन काढावं. आमच्या वेळी संख्याशास्त्र शिकवायला दुसऱ्या विभागातून शिक्षक यायचे. ते जाणकार होते, पण मानसशास्त्राचा एकही प्रयोग त्यांनी पाहिलेला नव्हता, आणि प्रयोग शिकवणारे शिक्षक संख्याशास्त्राचं नाव काढलं की त्यांच्याकडे बोट दाखवायचे. या दोघांनी एका वर्गात एकत्र उभं राहावं, एवढं झालं तरी पुष्कळ.

शेवटी त्या आईंना थोडं व्यक्तिशः लिहिते. ताई, मुलीला दुसरा विषय घ्यायला लावू नका. तिला एक नाणं द्या. २० वेळा उडवायला सांगा आणि छापा किती वेळा आला ते वहीत लिहायला लावा. मग पुन्हा २० वेळा. असं तीस-चाळीस वेळा करू दे, एका बैठकीत नव्हे, जमेल तसं. दहाच्या आसपासचे आकडे वारंवार येतील, सहा किंवा चौदाही अधूनमधून दिसतील. पंधरा किंवा त्याहून जास्त, अथवा पाच किंवा त्याहून कमी, असं मात्र शंभरात चारेक वेळाच होतं. संशोधनात ज्या ०.०५ या मर्यादेवरून एवढे वाद चालतात, ती इथेच कुठेतरी येते. चाळीस ओळी भरून झाल्या की तिला विचारा, की एखादं नाणं खोटं आहे असं ती किती छाप्यांनंतर म्हणेल, आणि तसं म्हणताना चुकण्याची तिची तयारी किती आहे. पंधराच का, चौदा का नाही, असं तिने उलट विचारलं तर त्याचं उत्तर पदवीच्या संख्याशास्त्राच्या पुस्तकात आहे, आणि ते तिला समजेल.

आपली नम्र,
मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेणारी एक वाचक